टर्बो गाडीचं टायमिंग: रीमॅप करणाऱ्यांनी लॉग द्यायलाच पाहिजे

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) असलेल्या पेट्रोल गाड्यांचं रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाईल बदलून, पॉवर कशी वाढते याबद्दल आलं होतं, ते गॅरेजात आम्ही सगळ्यांनी वाचलं. माहिती बरी होती पण त्यात इग्निशन टायमिंगबद्दल, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते याबद्दल, एक ओळसुद्धा नव्हती, आणि माझ्याकडं टर्बो पेट्रोल इंजिन खोलायची वेळ येते ती बहुतेक वेळा तिथंच चुकल्यामुळं येते, म्हणून हे लिहितोय. पत्र थोडं लांबणार आहे, पण जमलं तर पूर्ण छापा.

मी कोल्हापुरात अठ्ठावीस वर्षं गॅरेज चालवतोय. सुरुवात केली तेव्हा टायमिंग म्हणजे डेल्को (प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) हातानं फिरवायचा, टायमिंग लाईट पुलीवर मारून खूण बघायची आणि मग गाडी हायवेला काढून चढाला वरच्या गिअरमध्ये दाबून कान द्यायचा, टिकटिक आली की परत येऊन डेल्को केसभर मागं, म्हणजे ठिणगी जरा उशिरा. चुकलं तरी गाडी ओरडून सांगायची आणि इंजिन सहसा वाचायचं. टर्बोत तसं नाही. पहिली टर्बो पेट्रोल गाडी माझ्या हाताखाली आली ती रांजणगावला बनलेली लिनिया टी-जेट, ती २०१० साली आली होती, आणि तेव्हापासून शिकतोच आहे. आता तर एक लिटरच्या तीन सिलिंडर इंजिनाला पण टर्बो असतो आणि गल्लीतल्या प्रत्येक दुसऱ्या पोराला ती रीमॅप करायची असते.

माझ्या बहिणीच्या मुलानं केलं ते सांगतो. गाडी टर्बो पेट्रोल, तीन सिलिंडर, ३०००० किलोमीटर पण झालेली नव्हती. दुसऱ्या शहरातला कुणी ट्यूनर, म्हणजे रीमॅप करणारा, त्यानं पार्किंगमध्येच लॅपटॉप लावला आणि पाऊण तासात फाईल टाकून दिली, ना डायनो (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं मशीन) ना लॉग (चालताना इंजिनाच्या आकड्यांची नोंद), फक्त एक राउंड मारून बघ म्हणाला. पोरगं खूश, पिकअप खरंच वाढलं होतं, मलाही चालवायला दिली. तीन आठवडे काही नाही. मग एप्रिलमध्ये रत्नागिरीहून येताना, गाडीत चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी फुल, साखरप्याहून आंबा घाट चढायला लागले आणि अर्ध्या चढात गाडी एकदम थरथरायला लागली, चेक इंजिनची लाईट ब्लिंक, मागून निळा धूर. टो करून आणली माझ्याकडं.

मी आधी प्लग काढले. पहिला आणि तिसरा ठीक होता, दुसऱ्याच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक बारीक ठिपके, मिरपूड भुरभुरल्यासारखे, आणि उन्हात धरला की त्यातले काही चमकत होते. ते चमकणारे ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं साहेब. प्लगवर ते दिसलं की आत काय झालंय ते कळतंच, तरी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं, दोन नंबरला अर्ध्यापेक्षा कमी. हेड उतरवून पिस्टन काढला तर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली जी पट्टी असते तिचा बोटाच्या पेराएवढा तुकडा सुटून आला. सिलिंडरला ओरखडे. सगळं मिळून लाखाच्या घरात गेलं, आणि वॉरंटीवाल्यांनी फाईल बदललेली दिसल्यावर हात वर केले, त्यात त्यांची चूक पण नाही.

आता हे का झालं ते साध्या भाषेत सांगतो कारण लेखात तेच राहिलं होतं. पेट्रोल एका क्षणात पेटत नाही, प्लगपासून जाळ पसरत जायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, पोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. ३००० आरपीएमला क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याची) एक डिग्री म्हणजे सेकंदाचा साधारण अठरा हजारावा भाग, एवढ्यात सगळा खेळ. ठिणगी अशी पडली पाहिजे की सगळ्यात जास्त दाब पिस्टन वरून खाली निघाल्यावर, टीडीसी ओलांडून १२ ते १६ डिग्रीच्या आसपास यावा, तेव्हा तो दाब क्रँक फिरवायच्या कामाला येतो. ठिणगी फार लवकर पडली तर पिस्टन अजून वर येतोय आणि वरून दाब त्याला खाली रेटतोय अशी कुस्ती होते, आणि त्या दाबानं नि उष्णतेनं कोपऱ्यात राहिलेलं मिश्रण जाळ तिथं पोचायच्या आधीच आपोआप पेटतं. तेच नॉकिंग. हातोडीनं पिस्टन ठोकल्यासारखं असतं ते, आणि रिंगची पट्टी आधी जाते.

टर्बोनं हे सगळं अवघड होतं कारण आत हवा कोंबलेली असते. बाहेर ३५ डिग्री असताना एक बार बूस्ट (टर्बोनं दिलेला जादा दाब) केला तर टर्बोतून निघणारी हवा सव्वाशे डिग्रीच्या वर तापलेली असते, इंटरकूलर (ती हवा गार करणारी जाळी) तापमान खाली आणतो पण घाटात गाडी हळू चालली की इंटरकूलरला वारा लागत नाही आणि एसीचा कंडेन्सर शेजारीच तापलेला. वर दाट हवेत जाळ पण लवकर पसरतो, म्हणजे ठिणगी उशिराच पाहिजे. जुने लोक ठोकताळा सांगायचे, एक पीएसआय (दाबाचं छोटं माप) बूस्टला एक डिग्री मागं. सुरुवात म्हणून तो चालतो, पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. आणि महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरवर हवा पातळ असते, तिथं तोच बूस्ट द्यायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, म्हणजे हवा आणखी तापते, हे तर फाईल विकणाऱ्यांच्या डोक्यातच नसतं.

भाच्याच्या गाडीची फाईल मी ओळखीच्या एका जाणकाराकडून उघडून घेतली. बूस्ट वाढवलेला होताच, पण टायमिंगच्या टेबलात २००० ते ३५०० आरपीएमच्या पूर्ण लोडच्या खान्यात कंपनीनं सहा डिग्री ठेवलेलं तिथं या ट्यूनरनं अकरा केलेलं. आणि मला सगळ्यात राग आला तो पुढच्या गोष्टीचा, नॉक सेन्सरनं खडखड ऐकली तर इसीयूनं (इंजिनाच्या कॉम्प्युटरनं) टायमिंग किती मागं घ्यायचं ती मर्यादाच कमी करून ठेवलेली, का तर पॉवर तुटू नये. म्हणजे घरात आग लागली तर वाजणारी घंटा कापून टाकायची. कंपनीनं तो सेन्सर ब्लॉकला बोल्टानं आवळून बसवलाय तो उगीच नाही, ७२ मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या रुंदीच्या) इंजिनात नॉकचा आवाज साधारण ८ किलोहर्ट्झला येतो, तो आवाज निवडून ऐकायला तो ठेवलाय.

आणि ही काळजी काल-परवाची नाही. अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर १९६२ साली टर्बो घेऊन आली, तिचं कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १०.२५ होतं, नॉकिंग नको म्हणून आत पाणी आणि मिथेनॉल फवारायची सोय होती आणि ती टाकी संपली की गाडी आपोआप बूस्ट कमी करायची. स्वीडनच्या साब कंपनीनं १९८२ च्या सुमाराला नॉक सेन्सरवर चालणारी एपीसी नावाची यंत्रणा आणली, खडखड ऐकू आली की बूस्ट खाली. त्या लोकांनी इंजिन वाचवायला एवढं डोकं लावलं आणि आपण दहा घोडे जास्त मिळावेत म्हणून तेच बंद करायचं?

सेफ टायमिंग कसं लावतात, मी कसं लावतो ते सांगतो, कुणाला सुधारायचं असेल तर सुधारावं. आधी लॅपटॉप बाजूला. इंटरकूलरचे पाईप कुठं गळतात का बघायचं, प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, घालायचे आणि गॅप ०.७ मिलिमीटरच्या आसपास आणायचा नाहीतर बूस्टमध्ये ठिणगी विझते. कंपनीचा सोडून बाहेरचा इसीयू लावला असेल तर टायमिंग लाईट मारून स्क्रीनवरचा आकडा आणि पुलीवरची खूण एकच बोलतात का ते बघायचंच, दोघांत चार डिग्रीचा फरक असला तर पुढचं सगळं खोटं. मग बूस्टमध्ये मिश्रण पुरेसं रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, आहे ना ते वाइडबँडवर (एक्झॉस्टमधल्या सेन्सरवर) बघायचं, लॅम्डा (एकापेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८० ते ०.८५, आणि हे झाल्याशिवाय टायमिंगला हात लावायचा नाही. मग मुद्दाम मागून सुरू करायचं, वाटतं त्यापेक्षा चार-पाच डिग्री मागून, आणि एकेक डिग्रीनं वर यायचं, दर वेळी डायनोवर टॉर्क (क्रँक फिरवायचा जोर) किती वाढला ते बघायचं. एका डिग्रीला टॉर्क चांगला वाढत असेल तर ठीक, वाढ किरकोळ व्हायला लागली की तिथंच थांबायचं, पुढं फक्त धोका वाढतो. आणि टॉर्क वाढत असतानाच नॉक आला, जे टर्बोत आणि आपल्या हवेत बहुतेक वेळा होतं, तर तिथून दोन-तीन डिग्री मागं येऊन तो खाना बंद करायचा. सगळ्यात कमी टायमिंग लागतं ते जिथं टॉर्क सगळ्यात जास्त तिथं, वरच्या आरपीएमला हळूहळू वाढवता येतं कारण तिथं मिश्रणाला आपोआप पेटायला वेळच मिळत नाही. हवा तापली की टायमिंग आपोआप मागं घेणारं टेबल पण असतं, बरेच जण त्याला हातच लावत नाहीत, आपल्याकडं ते फार महत्त्वाचं आहे, पन्नास डिग्रीच्या वर आत येणारी हवा गेली की मी माझ्याकडच्या गाड्यांना डिग्री-डिग्रीनं मागं घेतो.

कानानं ऐकायचं साधन मी अजून वापरतो. तांब्याची नळी घ्यायची, एक टोक ठोकून चपटं करून भोक पाडायचं आणि ब्लॉकच्या बोल्टाखाली आवळायचं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि ती कानावरच्या मफमध्ये. नॉक आला की बरणीत छर्रे हलवल्यासारखा आवाज येतो, एकदा ऐकला की विसरत नाही. माझ्याकडच्या पोरांना मी आधी हे ऐकायला लावतो मग लॅपटॉप देतो.

पण फार मागं पण नको, हेही लिहा. भीतीनं टायमिंग खूप उशिरा ठेवलं तर जाळ एक्झॉस्टमध्ये जाऊन जळतो, मॅनिफोल्ड लाल होतं, टर्बोची टर्बाईन, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कॅट (धूर साफ करणारा कन्व्हर्टर) सगळं भाजतं. आणि एक रोग असा आहे की तो टायमिंगनं बरा होतच नाही, कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये पूर्ण दाबलं की छोट्या डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बोत ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं, त्यासाठीच ऑईलमध्ये २०१८ ला एसएन प्लस आणि २०२० ला एसपी ग्रेड आले. डब्यावर एसपी बघून घ्या आणि चढाला गिअर खाली टाका, पाचव्यात १५०० ला रेटू नका.

पेट्रोलचं पण बघा. आधी साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं (ऑक्टेन जास्त तितकं नॉकिंग कमी) होतं, आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं, आलंय त्याचा ऑक्टेन ९५ च्या आसपास सांगतात, इथेनॉल आत थंडावा पण देतं, म्हणजे नॉकच्या बाजूनं चांगलंच. पण इथेनॉल असलं की इंधन जास्त सोडावं लागतं, शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं हवा १४.७ भाग तर ई२० ला साधारण साडेतेरा, आणि बाहेरच्या देशातून उतरवलेली फाईल हे धरत नसेल तर पूर्ण दाबलं की मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. वर तीच फाईल तिकडच्या ९८ ऑक्टेनवर बनलेली असली तर मग बघायलाच नको. फाईल ९८ वर लावलेली असेल तर ट्यूनरनं स्पष्ट सांगावं की यात साधं पेट्रोल घालायचं नाही, आणि गिऱ्हाइकानं पण पैसे वाचवायला मध्येच साधं भरू नये. मी तर म्हणतो टायमिंग लावायचं ते आपल्या जवळच्या पंपावरच्या सगळ्यात साध्या पेट्रोलवर, मे महिन्याच्या दुपारी, एसी चालू ठेवून, लांब चढाला. डायनोवर पंखा लावून पंधरा सेकंदाची रन मारली तिथं गाडी टिकली म्हणजे आंबा घाटात टिकेल असं नाही.

माझं मागणं एवढंच आहे. रीमॅप करून देणाऱ्यानं गिऱ्हाइकाला मूळ फाईल, नवीन फाईल आणि पूर्ण दाबलेल्या रनचा लॉग कागदावर द्यावा, त्यात बूस्ट किती, टायमिंग किती डिग्री, नॉकमुळं इसीयूनं प्रत्येक सिलिंडरला किती मागं घेतलं, आत येणारी हवा किती तापली हे असावं. जो देणार नाही त्याच्याकडं गाडी लावू नका. आपल्या पेपरनं पुढच्या वेळी अशा कुणाची मुलाखत घेतली तर हा प्रश्न त्याला नक्की विचारा.

भाच्याच्या गाडीत नवीन पिस्टन घातले, ब्लॉकचं काम उद्यमनगरात करून घेतलं, कंपनीची मूळ फाईल परत टाकली. यंदा मे महिन्यात आम्ही दोघं परत साखरप्याहून आंबा घाट चढलो, दुपारी दोनला, लॉग चालू ठेवून. दोन नंबर सिलिंडरला सगळ्यात जास्त दीड डिग्री मागं घेतलं गेलं, बाकी दोन्हीला त्याहून कमी. तो कागद त्यानं गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय, आरसी बुकाच्या बरोबर.

कळावे,
एक गॅरेजवाला, कोल्हापूर