दुसरी सीडी बंद का केलीस?

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

'व्हॅन डर ग्राफ जनरेटर' या इंग्लिश रॉक बँडचा 'प्रेझेंट' हा दोन सीडींचा अल्बम ऐकून तू परवा फोनवर म्हणालास, "आई, पहिली सीडी झकास आहे, पण दुसरी म्हणजे नुसता पसारा. वीस मिनिटांत बंद केली." तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

जुने बँड पुन्हा एकत्र येऊन जे अल्बम काढतात, त्यांच्याकडे मी संशयानेच बघते. 'येस' या रॉक बँडचा १९९१चा 'युनियन' घे. एकमेकांपासून फुटलेले आठ जण एका नावाखाली आणले आणि त्यांच्यातल्या काहींच्या जागी चक्क बाहेरचे स्टुडिओवादक वाजवून गेले. त्यांचाच कीबोर्डवादक रिक वेकमन त्या अल्बमला 'अनियन' (कांदा) म्हणतो, ऐकताना डोळ्यांतून पाणी येतं म्हणून! त्यामुळे २००५मध्ये 'व्हॅन डर ग्राफ जनरेटर' परत येतायत हे कळल्यावर मला धास्तीच वाटली होती.

ही माणसं तशी विचित्रच. १९७१च्या 'पॉन हार्ट्स' अल्बमला त्यांच्या स्वतःच्या इंग्लंडमध्ये फारसं कुणी विचारलं नाही, पण इटलीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. पुढच्याच वर्षी बँड मोडला, १९७५मध्ये पुन्हा जमला, १९७८मध्ये परत मोडला. गायक हॅमिल, ऑर्गनवाला बँटन, सॅक्सोफोनवाला जॅक्सन आणि ड्रमवाला इव्हान्स या चौघांचा एकत्र शेवटचा स्टुडिओ अल्बम आला होता १९७६मध्ये. त्यानंतर थेट 'प्रेझेंट'. मधे एकोणतीस वर्षं! २००३च्या डिसेंबरात तर हॅमिलला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, पंचावन्नाव्या वर्षी.

आता तुझा 'पसारा'. पहिल्या सीडीवर सहा रचना, जेमतेम अडतीस मिनिटांच्या. 'एव्हरी ब्लडी एम्परर'मध्ये हॅमिल सत्ताधाऱ्यांवर तुटून पडतो आणि आपले कान त्याच्या शब्दांमागे धावतात. साहजिक आहे, त्याचा आवाजच तसा. पण दुसरी सीडी तासाभराहून मोठी आणि तिच्यावर एकही शब्द नाही. आधी काही न ठरवता चौघांनी जे वाजवलं, त्यातले हे तुकडे. तिथे हॅमिल पुढारी राहत नाही, चौघांतला एक होतो. इव्हान्स ड्रमवर काहीतरी सुरू करतो, ऑर्गन थोडा दबकत येतो, सॅक्सोफोन आधी वाट बघतो आणि मग एकदम घुसतो. (जॅक्सन दोन सॅक्सोफोन एकदम तोंडात धरून वाजवतो, हे तुला दाखवलं होतं ना?) कोण कुणाला जागा देतोय, कोण हट्टाने अडून बसलाय, सगळं उघड ऐकू येतं. इतक्या वर्षांनी भेटलेल्या माणसांच्या पहिल्या गप्पा अशाच अडखळत होतात.

कंटाळवाणे तुकडे त्यात आहेत, मान्य. एकदोन तर कुठेच पोचत नाहीत. मी असते तर पंधरा मिनिटं सहज कापली असती. पण त्यांनी ते ठेवले, म्हणून पहिल्या सीडीवर माझा विश्वास बसला. 'युनियन'वाल्यांना अशी दुसरी सीडी काढणं जमलंच नसतं.

६ मे २००५ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये चौघे एकत्र वाजवायला उभे राहिले. पण पुढच्याच वर्षी जॅक्सन वेगळा झाला. २००८चा 'ट्रायसेक्टर' उरलेल्या तिघांनी केला. तोही चांगला आहे, पण सॅक्सोफोनची जागा मला अजून रिकामी वाटते. म्हणजे पुन्हा जमल्यावर चौघांनी मिळून केलेला स्टुडिओ अल्बम हा एवढाच.

तेव्हा वीस मिनिटांच्या पुढचं ऐक, एका बैठकीत नाही जमलं तर दोन बैठकांत. नाही आवडलं तरी चालेल, पण ऐकून मग नावं ठेव. आणि सीडी नीट डबीत ठेवत जा. ती माझी आहे, तुला फक्त ऐकायला दिलीय.

तुझी,
आई