दुर्बिणीचे फोटो छापता, तिच्या टेस्टिंगचंही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात अंतराळातल्या जेम्स वेब दुर्बिणीनं काढलेले रंगीत फोटो येतात ते आमच्या घरातली पोरं कापून वहीत चिकटवतात, बघून बरं वाटतं. पण खाली मजकूर काय तर रखडलेला, खर्च वाढलेला प्रकल्प, आणि विषय संपला. का रखडला ते कोणी लिहीतच नाही. मी इथं एमआयडीसीत क्वालिटीचं काम बघतो त्यामुळं मला हे जास्तच खटकतं, कारण माझ्या मते खरी बातमी तिथंच आहे.

2018 साली कॅलिफोर्नियात यानाच्या भागाची आवाजाची टेस्ट झाली, रॉकेट सुटताना जेवढा प्रचंड आवाज होतो तेवढा आवाज सोडून बघतात, आणि त्यानंतर खाली स्क्रू आणि वॉशर पडलेले सापडले. सनशील्डच्या, म्हणजे दुर्बिणीला उन्हापासून वाचवणाऱ्या पडद्यांच्या, कव्हरचे. मग नासाचे माजी अधिकारी टॉम यंग यांचं स्वतंत्र रिव्ह्यू बोर्ड बसलं आणि त्यांनी सरळ लिहून दिलं, थ्रस्टरचे, म्हणजे यानाच्या छोट्या इंजिनांचे, व्हॉल्व्ह चुकीच्या सॉल्व्हंटनं (साफ करायच्या द्रवानं) साफ केले, एका टेस्टला जास्त व्होल्टेज दिला, फास्टनर निघाले, माणसांच्या असल्या चुकांपायी अंदाजे दीड वर्ष आणि 60 कोटी डॉलर गेले. उशीर झाला म्हणून चिडणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही, सॉल्व्हंट चालतो का हे आधी नीट विचारून घ्यायलाच पाहिजे होतं. पण हे सगळं जमिनीवर सापडलं आणि नासानं तो रिपोर्ट सगळ्यांसमोर ठेवला, हे मला फार मोठं वाटतं.

कारण हबल या आधीच्या अंतराळ दुर्बिणीच्या वेळी उलटं झालं होतं. 2.4 मीटरचा आरसा, घासताना ज्या उपकरणानं मोजत होते त्यातलीच एक लेन्स 1.3 मिलिमीटर चुकीच्या जागी बसलेली. आरसा कडेला जेमतेम 2 मायक्रॉननं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चुकला, तेवढ्यानं 1990 ला वर गेल्यावर फोटो धूसर आले. आणि दुसऱ्या दोन उपकरणांनी गडबड आधीच दाखवली होती हो! ती कमी अचूक आहेत म्हणून ते रीडिंग बाजूला ठेवलं. आमच्याकडं दोन गेज, म्हणजे मापं घ्यायची साधनं, वेगवेगळं दाखवायला लागली की जॉब पुढं सरकत नाही, डिस्पॅचवाला कितीही ओरडू दे. हबल जवळ होती म्हणून 1993 ला अंतराळवीर जाऊन दुरुस्त करून आले, वेब 15 लाख किलोमीटरवर आहे, तिथं कोण जाणार?

आणि वेबची टेस्ट म्हणजे साधं काम नव्हतं. आरशाचे 18 तुकडे बेरिलियमचे, काम करायचं उणे 220 अंशांच्याही खाली, आणि एवढ्या थंडीत धातूचा आकार बदलतो. मग काय केलं तर तुकडे गार करून आकार किती बदलतो ते मोजलं, परत साध्या तापमानाला आणून मुद्दाम उलटा फरक ठेवून पॉलिश केले, म्हणजे वर गार झाल्यावर बरोबर आकारात येतील. मला तर हे वाचताना अंगावर काटा आला. पुढं 2017 ला ह्यूस्टनच्या मोठ्या, हवा काढून गार केलेल्या चेंबरमधे आरसे आणि उपकरणं जोडलेली दुर्बीण (सनशील्ड सोडून) 3 महिन्यांच्या वर ठेवली, त्यातच हार्वे वादळ आलं, शहर पाण्यात आणि ही माणसं टेस्ट चालू ठेवून बसली. सनशील्डचं तर अजून अवघड, केसासारखे पातळ 5 पडदे, 90 केबल, 400 च्या आसपास पुली, आणि इथं गुरुत्वाकर्षण असल्यामुळं वर जसे उघडणार तसे खाली उघडून बघताच येत नाहीत. सगळ्या वेबमधे मिळून एक बिघडलं तर सगळं गेलं अशा 344 जागा होत्या. 25 डिसेंबर 2021 ला उडाली आणि सगळं उघडलं.

आपल्या सोलापुरात इंजिनिअरिंगची एवढी कॉलेजं, शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्ट करतात, व्हायवाला मॉडेल एकदा फिरलं की झालं, रीडिंग जुळत नसेल तर जुळवून लिहितात. त्यांच्यासाठी तरी हबलचा 1990 चा चौकशी रिपोर्ट आणि वेबचा 2018 चा, दोन्हीची माहिती रविवारच्या पुरवणीत मराठीत द्या, दोन-तीन भागांत द्या. इथल्याच एखाद्या प्राध्यापकांकडून लिहून घेता येईल. जागा कमी पडत असेल तर फोटो लहान करा, चालेल.

आपला,
एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर