काडतूस बसतंय, पण चालतंय का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसऱ्याला तुमच्या पेपरात शस्त्रपूजेचे फोटो येतात, यंदाही आले, त्यातल्या एकात झेंडूच्या माळेखाली घोडेवाली जुनी दुनळी बंदूक आणि शेजारी ताटलीत लाल प्लास्टिकची नवी कोरी काडतुसं मांडलेली दिसली. बाकीच्यांना फोटो छान वाटला असेल, माझ्या पोटात गोळा आला. कारण तसलीच वडिलांची दुनळी माझ्याकडे आहे आणि तिला चालतील अशी काडतुसं शोधत मी वर्षभर पुण्यात हिंडलोय.

भोर तालुक्यात आमची थोडी शेती आहे, रानडुकरं भुईमूग उकरून टाकतात म्हणून पीकसंरक्षणाचं लायसन. मारायचं काही नाही, त्याला वनखात्याची परवानगी लागते, नुसता बार काढला तरी कळप पळतो. वडील गेल्यावर लायसन माझ्या नावावर झालं (त्या हेलपाट्यांवर वेगळं पत्र लिहीन, छापणार असाल तर). बंदूक विलायती, बर्मिंगहॅमची, बारा बोअर. वडिलांच्या वेळची कागदी काडतुसं होती ती पावसाळ्यात ओल धरून फुगलेली, नळीत जाईनात, ती पोलीस ठाण्यात नेऊन दिली आणि नवीन आणायला दुकानात गेलो. विचारलं की लांबी कुठली घ्यायची, तर उत्तर आलं, "काका, बारा बोअरच ना? बसतंय ना? मग चालतंय." दुसऱ्या दुकानातही तेच, फक्त काकाच्या जागी साहेब.

आता मी भोसरीत टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस, "बसतंय" या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. बारा बोअर म्हणजे काय, तर नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड, ती नळी साधारण १८.५ मिमीची. हे झालं जाडीचं, लांबीचं कुणी बोलतच नाही. म्हणून लेथवर पितळेचा एक तुकडा २०.३ मिमीला टर्न केला, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे दोनदा बघून तो चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जी जरा रुंद जागा असते तिच्यात, सोडला, जिथे अडला तिथे खूण केली, व्हर्नियर लावलं तर ६४ च्या आसपास. म्हणजे अडीच इंची चेंबर, ज्याला ६५ मिमीचं म्हणतात. मग पुढचं लाकूड काढून रॉकेलने पुसलं तर नळीखाली २½ असं ठोकलेलंच होतं, आणि नायट्रो प्रूफचा, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूचा दाब देऊन नळी तपासल्याचा, शिक्काही होता! वर्षानुवर्षांच्या तेलकाजळीखाली दिसत नव्हता इतकंच.

आजकाल दुकानात सर्रास मिळतात ती ७० मिमीची, पावणेतीन इंची. गंमत अशी की खोक्यावरची लांबी ही काडतूस उडाल्यानंतरची असते. न उडवलेलं ७० चं काडतूस मोजा, पुढची घडी दुमडलेली असल्यामुळे ५८ च्या जवळपास भरेल, त्यामुळे ते अडीच इंचीत खुशाल बसतं, बंदूक नीट बंदही होते. बार झाला की घडी उलगडायला जाते आणि तिथे जागाच नसते, चेंबर निमुळतं होत नळीला मिळतं नेमकं त्याच ठिकाणी प्लास्टिकची कड येऊन बसते आणि मागून छर्रे रेटत असतात. कुकरच्या शिट्टीत डाळीचं साल अडकल्यावर काय होतं ते घरोघरी माहितीय, तसंच. त्यात ७० मध्ये माल पण जास्त, ३२-३६ ग्रॅम छर्रे कुठेही मिळतात, जुनी अडीच इंची मात्र २८-३० ग्रॅमच्या हिशेबाने बनवलेली. लगेच नळी फाटेलच असं नाही, बहुतेक वेळा फाटत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. धक्का खाऊन खाऊन बिजागरी ढिली होते, दस्त्याला चीर जाते, आणि एक दिवस डावा हात जिथे धरतो तिथेच प्रकरण उघडं पडतं.

माझ्या मेव्हण्याकडची बंदूक तर त्याहून जुनी, बेल्जियमची, नळीवर पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी. ही नक्षी कोरलेली नसते बरं का, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकून एकजीव करतात त्याची ती असते, दमास्कस म्हणतात. दिसायला देखणी, पण प्रत्येक वळशाला जोड, आणि जोडात आतून गंज धरला तर बाहेरून दिसत नाही. शिवाय त्यातल्या बऱ्याच बंदुका काळ्या दारूच्या काळातल्या, त्यांचं प्रूफही त्याच दारूचं. त्याला स्पष्ट सांगितलं, हिला फक्त हळदकुंकू, काडतूस नाही. तो म्हणाला गावात एकाने टायरला बांधून दोरीने चाप ओढून बघितलंय, काही झालं नाही. अरे, एका बाराने एवढंच कळतं की तो एक बार निघाला! पुढचा तुझ्या गालाशी असणार आहे.

दुसरी भीती वीस बोअरच्या काडतुसाची. ते बारीक असल्याने बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं, मागून बघणाऱ्याला नळी रिकामी वाटते, तो बारा बोअरचं भरतो आणि चाप ओढतो. म्हणूनच वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. घरात दोन्ही बोअर असतील तर एका डब्यात ठेवू नका.

चेंबर रीमरने (भोक कापून वाढवायच्या हत्याराने) पाच मिमी वाढवून घ्या असाही सल्ला मला मिळाला. खोटं कशाला बोलू, हात शिवशिवले. पण तिथेच नळीची भिंत पातळ होते, आधीचं प्रूफ निकामी ठरतं, आणि लायसन नसताना असलं काम करणं शस्त्र कायदा १९५९ खाली गुन्हा. परवानाधारक कारागिराकडून फक्त नळीतले पोचे, भिंतीची जाडी आणि बिजागरी तपासून घेतली. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने खोकं उलटं करून चष्मा वर सरकवून वाचून दाखवलं, ६५ मिमी, २८ ग्रॅम, शिशाचे छर्रे. २५ चं एक खोकं मिळालं. स्टीलचे छर्रे जुन्या नळीत घालायचे नाहीत हेही त्यानेच न विचारता सांगितलं, असा माणूस भेटायला तीन दुकानं लागली.

ज्या पुण्यात १८६९ पासून खडकीला दारूगोळा कारखाना आहे तिथे हे सांगायला माणूस शोधावा लागतो याचं नवल वाटतं. माझ्या लायसनवर बंदुकीचा नंबर आहे, बोअर आहे, चेंबरची लांबी नाही. निवडणूक आली की आमच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, तेव्हाच एक कारागीर गेज घेऊन बसवला तर किती वेळ लागतो, बंदुकीमागे दोन मिनिटं. लांबी लायसनवर लिहा आणि दुकानदाराने ती बघूनच खोकं द्यावं, एवढीच मागणी आहे.

आणि फोटोतल्या त्या मंडळींना एक विनंती, पूजा झाल्यावर हौसेने हवेत बार काढू नका, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ताटलीतली ती लाल काडतुसं किती मिमीची आहेत ते मात्र आजच खोक्यावर बघा.

आपला,
एक जुना वाचक, कर्वेनगर, पुणे