अण्णांच्या समासातले प्रश्न

अंबाजोगाई,
पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या टेम्पोवाल्याने अण्णांच्या तिन्ही संदुकी गेल्या सोमवारी वाचनालयाच्या ओसरीवर उतरवल्या. सोबतची चिठ्ठीही मिळाली. तू लिहिलंस, ‘वडिलांची पुस्तकं चांगली दिसतील तेवढी ठेव, बाकीची रद्दीला घाल. इतिहास, पोथ्या, जुन्या कादंबऱ्या आता वाचतं कोण?’ फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं. पण आठ दिवस त्या संदुकींपुढे मांडी घालून बसल्यावर मला फोन करवेना. एकही पुस्तक रद्दीला गेलेलं नाही. का, ते लिहायला बसलोय. पत्र लांबणार आहे, सवडीने वाच.

आधी तुझ्या प्रश्नाचं. वाचतं कोण? निवृत्त झाल्यापासून मी देवघेवीच्या टेबलावर बसतो, त्यामुळे कोण काय नेतं आणि कसं परत आणतं ते रोज बघतो. स्पर्धा परीक्षेची पोरं दुपारी येतात, ती वेगळी. संध्याकाळी येणारी माणसं वेगळी. मोंढ्यात हमाली करणारा एक गडी आहे, तो जाडजूड इतिहासाशिवाय काही नेत नाही. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. त्यांनी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ दोन वर्षांत तीनदा नेली. म्हणाल्या, “सर, ही यमू माझ्या आजीसारखीच बोलती.” १८९० च्या सुमाराला पुण्यात लिहिलेली यमू आपल्या बालाघाटातल्या बाईला आजीसारखी वाटते. पुस्तक टिकण्याचं याहून दुसरं कारण मला माहीत नाही. आणि तो हमाल पुस्तक परत करताना दर वेळी एकच विचारतो, “सर, हे खरं असंल का?”

हा प्रश्न डोक्यात घेऊनच मी पहिली संदूक उघडली. कडुनिंबाचा पाला इतका वाळला होता की हात लावला की चुरा. त्या पाल्याने आणि अण्णांच्या काळजीने पुस्तकं टिकली आहेत. कसर फक्त पाच-सहांना लागलीय. फाटलेले पुठ्ठे त्यांनी घरीच खळ लावून चिकटवलेत आणि कण्यावर जुन्या धोतराची पट्टी मारलीय. एका पट्टीवर धोतराचा काठ अजून दिसतो.

इतिहासाच्या पुस्तकांचे समास मात्र भरलेले, आणि सगळं उर्दूत. तुला ठाऊकच आहे, निजामाच्या राजवटीत आपलं गाव मोमिनाबाद होतं आणि अण्णांची आठवीपर्यंतची शाळा उर्दूत झाली. मराठी घरातली, पोथीतली. म्हणून ते मराठी पुस्तक वाचायचे आणि समासात उर्दूत बोलायचे. मला एक अक्षर कळेना. शेवटी चार पुस्तकं पिशवीत घातली आणि गल्लीतल्या निवृत्त उर्दू मास्तरांकडे गेलो. त्यांनी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला, पुस्तक डोळ्यांजवळ धरलं आणि वाचलं, “कहाँ से मालूम?” पान उलटलं. पुन्हा तेच. तिसऱ्या पुस्तकात तर एका पानावर तीनदा. मास्तर हसले, “बहुत सवालां पूछते थे तुम्हारे दोस्त के वालिद.”

घरी येऊन मी ती पानं एकेक करून तपासली. अण्णांनी हा प्रश्न कुठेही उगाच केलेला नाही. लेखकाने राजाच्या मनातलं स्वतः ऐकल्यासारखं सांगितलं, की तिथे ‘कहाँ से मालूम?’ लढाईत इतके हजार पडले असा आकडा नुसताच फेकला, की तिथे. आणि जिथे लेखकाने सांगितलंय की हे अमक्या पत्रात आहे, ती बखर घटनेनंतर शंभर वर्षांनी लिहिलेली आहे, दोन साधनांचा मेळ बसत नाही, तिथे अण्णांची बारीक उभी रेघ आहे. मान्य असल्याची. लोक म्हणतात सामान्य वाचकाला साधनं-बिधनं नको असतात, त्याला गोष्ट हवी. मला हे अजिबात पटत नाही. गोष्ट हवीच, पण सांगणाऱ्यावर भरवसाही हवा. जयजयकाराने पान भरलं की तो हमालसुद्धा पुस्तक लवकर परत आणतो, हे मी बघितलंय.

‘श्रीमान योगी’ची प्रत बघ एकदा. कादंबरीची पानं जेवढी मळली आहेत त्याच्या दुप्पट प्रस्तावनेची. आणि ती प्रस्तावना म्हणजे मुळात एक लांबलचक पत्र. आपल्या नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी रणजित देसाईंना लिहिलेलं. कादंबरीकाराला एक अभ्यासक मित्र मोकळेपणाने सांगतोय की माणूस म्हणून महाराज कसे समजून घ्यावेत, पुरावा कुठे आहे, कुठे नाही. महाराज १६८० साली गेले, औरंगजेब १७०७ साली. मधली २७ वर्षं ही माणसं कशाच्या बळावर लढत राहिली, हा कुरुंदकरांचा लाडका प्रश्न. अण्णांनी त्या जागी समासात काही लिहिलेलं नाही, फक्त पान दुमडलंय. इतक्या वेळा की घडीवर कागद विरलाय. शेतकऱ्याच्या पोराला राज्याभिषेकाच्या थाटापेक्षा हा प्रश्न जवळचा वाटला असणार. त्या २७ वर्षांत लढणारे म्हणजे आपल्यासारख्याच घरांतले लोक.

आता एका गोष्टीपाशी मी अडखळलो, ती सांगतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामावरची चार-पाच पुस्तकं आहेत. रझाकारांचं, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचं, सगळं त्यात आहे: जाळलेली गावं, सीमेवरचे स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प, स्वामी रामानंद तीर्थांचा तुरुंगवास. अण्णांनी हे स्वतः बघितलेलं, त्यामुळे ‘कहाँ से मालूम?’ इथे जवळजवळ नाही. उलट दोन ठिकाणी त्यांनी गावांची नावं दुरुस्त केलीत. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा संस्थानात आल्या, १७ ला निजामाने शरणागती पत्करली, आणि एक पुस्तक तिथेच तिरंग्याच्या वर्णनाने संपतं. त्या शेवटच्या ओळीखाली कोऱ्या जागेत अण्णांची एक ओळ. मास्तरांनी ती वाचली आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मी विचारलं, काय लिहिलंय? म्हणाले, “और इस के बाद?”

त्यानंतर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मास्तरांच्या घरातून चहा आला. मग ते हळूहळू सांगत गेले, त्या पोलीस ॲक्शननंतर त्यांच्या आजोळच्या गावात काय झालं ते. ते मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. पण तुला माहीत असावं म्हणून एवढं लिहितो की त्या काळात खेड्यापाड्यांतल्या मुसलमानांवर जे बेतलं त्याची चौकशी करायला भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती, उस्मानाबाद आणि नांदेड हे सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत होते, आणि तिचा अहवाल कितीतरी दशकं बंद राहिला. अण्णा रझाकारांच्या भीतीने रात्री ज्वारीच्या रानात झोपलेले. त्यांनीच हा प्रश्न विचारलाय, म्हणून त्याला वजन आहे. आपली बाजू जिंकली त्या पानाखालीसुद्धा ‘पुढे काय झालं’ असं लिहिणारा वाचक, अरे, अशा वाचकासाठी तर इतिहास लिहावा. मी शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला आणि १७ सप्टेंबरला दर वर्षी त्याच तिरंग्यापाशी धडा संपवला.

दुसऱ्या संदुकीत पोथ्या. इथे समास कोरे. शिवलीलामृताच्या अकराव्या अध्यायाची पानं हळदीच्या बोटांनी पिवळी पडलीत, ती काकूंची. ज्ञानेश्वरी अण्णांची. नववा अध्याय सुटा झालाय, दोऱ्याने बांधलाय. आणि सबंध ज्ञानेश्वरीत रेघ मारलेली एकच जागा आहे, तीही अगदी शेवटी, संत एकनाथांच्या ओव्यांवर:

शके पंधराशे साहोत्तरी । तारणनाम संवत्सरी ।
एकाजनार्दनें अत्यादरी । गीता-ज्ञानेश्वरी प्रति शुद्ध केली ॥

म्हणजे १५८४ साल. माउलींची टीका १२९० ची. जवळपास तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडत गेले, आणि पैठणच्या नाथांनी प्रती मिळवून, ताडून, शुद्ध प्रत सिद्ध केली. वर बजावलं की यात कुणी आपली मराठी ओवी घुसडेल तर तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवेल. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. माझ्या मते ही ‘कहाँ से मालूम?’चीच जुनी मराठी आहे. ज्याचं प्रेम जास्त तोच जास्त चोखंदळ. धर्माच्या पुस्तकात लोकांना नुसते चमत्कार हवे असतात असं शहाणी माणसं म्हणतात तेव्हा मला आपल्या देवळातला श्रावण आठवतो. एक जण पोथी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, आणि अर्थ सांगणारा घसरला की मागून एखादी म्हातारी त्याला थांबवते. काल-परवापर्यंत मी हे ऐकलंय. त्या म्हातारीला वाचता येत नाही, पण कुठली ओवी चुकली ते कळतं.

‘लीळाचरित्र’ लिहिणाऱ्या म्हाइंभटांचंही तेच. लीळाचरित्र आपल्या संदुकीत नाही, वाचनालयात आहे. महानुभाव पंथाचे चक्रधर स्वामी गेल्यावर म्हाइंभट ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांच्याकडे गेले आणि विचारून विचारून आठवणी गोळा केल्या. पुढे मूळ पोथी धाडीत हरवली, लोकांनी आठवून ती पुन्हा उभी केली, आणि जिथे दोघांच्या आठवणी जुळेनात तिथे दोन्ही पाठ ठेवले. देवासमान मानलेल्या माणसाबद्दल लिहिताना ‘अमका असं सांगतो, तमका तसं’ असं नोंदवून ठेवायला केवढं धैर्य लागतं! आणि हे सगळं मराठीत, कारण ऐकणारी माणसं मराठी होती. नाथांनीही विचारलंच ना, संस्कृत देवाने केली तर मराठी काय चोरांपासून झाली? आपल्याशी आपल्या बोलीत बोलणारं पुस्तक माणूस देव्हाऱ्याजवळ ठेवतो. बाकीची कपाटात राहतात.

तिसरी संदूक कादंबऱ्यांची. बऱ्याचशा लायब्ररीत आधीच आहेत, त्यांचं फार सांगत नाही. एक मात्र सांगायलाच हवी. प्रेमचंदांचं ‘गोदान’, हिंदी प्रत, पुठ्ठा गेलेला. १९३६ चं पुस्तक, अवधकडच्या खेड्यातलं. होरी नावाच्या शेतकऱ्याला दारात एक गाय हवी असते, एवढीच गोष्ट. गाय येते, भाऊ तिला विष घालतो, कर्ज वाढत जातं, आणि शेवटी रस्त्याच्या कामावर मुरूम-खडी खोदताना उन्हाच्या झळांनी होरी जातो. जमलेले लोक गोदान करा म्हणतात. घरात काही नाही. धनिया सुतळी विकून आलेले वीस आणे आणते आणि नवऱ्याच्या गार पडलेल्या हातावर ठेवते. हेच त्याचं गोदान.

त्या शेवटच्या पानात एक चौकोनी घडी केलेला कागद होता. उघडला. बैलबाजाराची पावती. मार्च १९७३. एक बैल, रंग पांढरा, डावं शिंग तुटकं. खाली किंमत. ती मी इथे लिहीत नाही, तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

आपण दोघं तेव्हा सहावीत होतो, आठवतं? दुष्काळ होता, तुझी आई आणि माझी आई एकाच दुष्काळी कामावर खडी फोडायच्या, आणि आपण सुकडीच्या रांगेत. त्या दिवशी तुझ्या घराच्या ढेलजेत आपण गोट्या खेळत होतो आणि अण्णा बाजारातून आले. हातात नुसता कासरा. कुणाशी बोलले नाहीत. कासरा खुंटीला अडकवला आणि देवळीतला दिवा लागेपर्यंत तसेच बसून राहिले. मला ते चित्र आयुष्यभर आठवत राहिलं, पण अण्णांच्या मनात काय होतं ते कधी कळलं नव्हतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. अवधच्या होरीजवळ ठेवून दिलं. या पानाच्या समासात काही लिहिलेलं नाही, मी दिव्याजवळ धरून नीट बघितलं.

म्हणून रद्दीला काही गेलं नाही. दाखल नोंदवहीत २१४ पुस्तकं चढवलीत, ‘अण्णांची भेट’ असा शिक्का करून घेतोय. समासांवर पांढरा कागद चिकटवायचा सल्ला एकाने दिला, त्याला मी सरळ नाही म्हटलं. उलट मास्तर रोज संध्याकाळी तासभर येतात, उर्दू वाचतात, मी मराठीत पेन्सिलीने खाली लिहितो. चाळीस पुस्तकं झाली. तो हमाल परवा आमच्या मागे उभा राहून ऐकत होता. त्याने पहिलं पुस्तक तेच नेलं, तिरंग्यापाशी संपणारं.

आता एकच विचारायचंय. ती पावती तुला टपालाने पाठवू, की होती तिथेच, पुस्तकात राहू देऊ? पुस्तक देवघेवीत जाणार, कुणाच्या तरी हाती लागणार. तू कळवेपर्यंत ‘गोदान’ मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवलंय.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
सहावीच्या बाकावरचा शेजारी