घरातील चिलटांचे मूळ कुंडीच्या मातीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाल्यापासून आमच्या भागातील अनेक घरांत कुंड्यांभोवती बारीक काळी चिलटे दिसू लागली आहेत. संध्याकाळी दिवा लावला की ती दिव्याभोवती आणि टीव्हीच्या पडद्यावर गोळा होतात, आणि त्यांना ‘डासांची पिल्ले’ समजून घरोघरी डास मारण्याचे फवारे मारले जातात. पंख फुटलेला कीटक पुढे वाढत नाही, त्यामुळे लहान चिलटाचा मोठा डास कधीच होत नाही. दोन ते चार मिलिमीटर लांबीचे हे चिलट चावत नाही आणि माणसांत रोगही पसरवत नाही. त्याची अळी मात्र कुंडीच्या मातीत राहते, बुरशी व कुजणारा पालापाचोळा खाते आणि ते कमी पडले की रोपाच्या कोवळ्या मुळ्यांकडे वळते. मोठ्या मनी प्लांटला त्याचे फारसे काही वाटत नाही, पण नुकतीच रुजलेली तुळस किंवा मिरचीची रोपे माना टाकतात.

मागच्या वर्षी आमच्या घरी तान्हे नातवंड असताना मीही दारे-खिडक्या लावून असा फवारा मारला होता, याची मला आजही खंत वाटते. दोन दिवस चिलटे दिसली नाहीत आणि आठवड्याभरात पुन्हा तितकीच झाली. कारण उघड आहे. उडणारे चिलट जेमतेम आठवडाभर जगते, पण तेवढ्यात मादी ओल्या मातीत शंभराहून अधिक अंडी घालते. अंड्यापासून चिलटापर्यंतचा प्रवास उबदार घरात तीन ते चार आठवड्यांत पुरा होतो आणि त्यातला बहुतेक काळ मातीच्या वरच्या दोन-तीन बोटांच्या थरात जातो. हवेत मारलेला फवारा तिथवर पोहोचतच नाही. तो पोहोचतो घरातल्या माणसांच्या श्वासात.

आपल्या सोलापुरात या त्रासाला एक खास कारण आहे असे माझे निरीक्षण आहे. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे पाण्याच्या दिवशी पिंपे, घागरी भरून झाल्या की उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून आपण ते कुंड्यांत ओततो, मग मातीला गरज असो वा नसो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असताना, विशेषतः गच्चीवरच्या कुंड्यांत, ते खपून जाते. पावसाळ्यात घरातल्या सावलीतली माती मात्र आठ-आठ दिवस वाळत नाही. त्यातच बहुतेक तयार मिश्रणांत कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा असतो, जो पाणी फार काळ धरून ठेवतो, आणि वरून आपण मोठ्या मायेने चहाचा चोथा व फळांच्या साली घालतो. चिलटांना याहून चांगले घर मिळणार नाही.

म्हणून पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे वरचा थर वाळू देणे. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावे आणि ओल लागली तर पाणी देऊ नये. आपल्या जिल्ह्यातले जाणते शेतकरी कोळपणीला अर्धे पाणी म्हणतात, कारण वरची माती भुसभुशीत होऊन वाळली की खालची ओल टिकते. कुंडीतही तेच करावे: जुन्या चमच्याने वरची माती हलक्या हाताने उकरावी, म्हणजे मुळांना ओल राहते आणि अळीला राहत नाही. पाणी शक्यतो खालच्या ताटलीतून द्यावे, पण अर्ध्या तासाने उरलेले पाणी ओतून टाकावे. ते साचू दिले तर डेंग्यू पसरवणारा खरा डास तिथे अंडी घालतो.

कोणती कुंडी बाधित आहे हे कळत नसेल तर कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवावी. दोन-तीन दिवसांनी उलटून पाहिल्यास काळ्या डोक्याच्या पांढुरक्या अळ्या तिला चिकटलेल्या दिसतात. उडणाऱ्या चिलटांसाठी पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून तो कुंडीत खोचावा. त्याने सगळी संपत नाहीत, पण अंडी घालणाऱ्या माद्या कमी होतात आणि त्रास घटतो आहे की नाही हे मोजता येते. व्हिनेगरची वाटी ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण तो पिकल्या केळ्यांवर येणाऱ्या माश्यांसाठी आहे.

एवढ्याने भागले नाही तर बीटी इस्रायलेन्सिस (बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस) हे जिवाणूजन्य औषध वेष्टनावरील प्रमाणात पाण्यात मिसळून आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा मातीत द्यावे. डासांच्या अळ्यांसाठी वापरले जाणारे हे औषध माणसांना व पाळीव प्राण्यांना अपाय करत नाही. मात्र कृषी सेवा केंद्रात नुसते ‘बीटी’ मागितले तर बहुधा पिकावरच्या बोंडअळीसारख्या अळ्यांसाठीचे बीटी कुर्स्टाकी हे दुसरेच औषध हाती पडते आणि त्याचा या अळीवर उपयोग होत नाही. म्हणून डब्यावरील पूर्ण नाव वाचूनच घ्यावे.

शहरातील रोपवाटिकाचालकांनाही माझी आपल्या पत्राद्वारे कळकळीची विनंती आहे. अर्धवट कुजलेले शेणखत मिश्रणात घालू नये आणि भरलेल्या पिशव्या पावसात उघड्यावर ठेवू नयेत, कारण ग्राहकाच्या घरी ही अळी पुष्कळदा त्याच पिशवीतून येते. ग्राहकांनीही नवे रोप तीन-चार आठवडे इतर कुंड्यांपासून दूर, गच्चीत किंवा व्हरांड्यात ठेवावे आणि पिवळा पुठ्ठा कोरा राहिला तरच ते घरात आणावे.

कळावे,
आपली एक वाचक,
विजापूर रोड, सोलापूर