परदेशी सर्व्हरवरचा पुरावा आरोपीलाही मागता यावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

परदेशी कंपन्यांकडचा डिजिटल पुरावा पोलिसांना झटपट मिळावा म्हणून देशोदेशी होत असलेल्या करारांवरचा आपला लेख वाचला. आता तपास यंत्रणांचे हात लांब झाले, गुन्हेगारांची खैर नाही, असा त्याचा एकूण सूर. मी फौजदारी खटल्यांत आरोपींच्या बाजूने उभी राहते. तिथून हेच करार कसे दिसतात, ते सांगायला हे पत्र.

माझ्या एका अशिलावर खोट्या नावाचं खातं उघडून धमक्या दिल्याचा आरोप आहे. खटला चालू आहे, म्हणून बेतानेच सांगते. मुख्य पुरावा म्हणजे परदेशी कंपनीने पोलिसांना पाठवलेला एक तक्ता: कधी आणि कुठल्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, लॉग-इन झालं. इंटरनेट पुरवठादाराने तो आयपी पत्ता याच्या नावावर दाखवला आणि पोलीस दारात आले. पण आयपी पत्ता म्हणजे घराचा पत्ता नव्हे. पत्ते थोडे आणि ग्राहक उदंड, म्हणून पुरवठादार एकाच वेळी एकच पत्ता अनेकांना वाटून देतात. त्यांतला नेमका कोण, हे ठरवायला पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरच्या जोडण्या वेगळ्या ओळखू देणारा आकडा) आणि सेकंदापर्यंतची अचूक वेळ लागते. तक्त्यात पोर्टचा रकानाच नाही. वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आहेत. स्थानिक वेळेत आणताना कुणाची गफलत झाली असेल तर माणूसच बदलतो. कंपनीकडे पोर्टची नोंद आहे का, एवढंच मला विचारायचं होतं. कंपनी म्हणते, ही माहिती आम्ही फक्त तपास यंत्रणांना देतो. तपास अधिकारी म्हणतात, तपास पूर्ण झाला, दोषारोपपत्रही गेलं. आणि सरकारी वकील म्हणतात, बचाव तुमचा, तो तुम्ही शोधा.

बहुतेक मोठ्या सेवा अमेरिकी कंपन्यांच्या, त्यामुळे जगभरातल्या खटल्यांवर अमेरिकेच्या 1986 च्या एका कायद्याची सावली असते: स्टोअर्ड कम्युनिकेशन्स अ‍ॅक्ट. हा कायदा संदेशांचा मजकूर आणि खात्याच्या नोंदी (कधी, कुठून लॉग-इन झालं वगैरे) यांत फरक करतो. मजकूर हवा तर परदेशी पोलिसांनी परस्पर कायदेशीर साहाय्याच्या करारातून अमेरिकी सरकारकडे जायचं आणि तिथल्या न्यायाधीशाचं वॉरंट मिळवायचं. 2013 मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी नेमलेल्या समितीनेच लिहिलं, की अशा विनंतीला सरासरी सुमारे 10 महिने लागतात. एखादं मूल पळवलं गेलं असेल तर 10 महिने म्हणजे थट्टाच, हे मलाही कळतं. म्हणून 2018 साली अमेरिकेत क्लाउड अ‍ॅक्ट हा कायदा आला. त्याखालचा ब्रिटनशी झालेला करार ऑक्टोबर 2022 मध्ये, ऑस्ट्रेलियाशी झालेला जानेवारी 2024 मध्ये लागू झाला. या देशांच्या यंत्रणा आता थेट कंपनीला आदेश पाठवतात. युरोपीय संघाच्या 2023 च्या नियमात तर मुदत 10 दिवसांची, आणि तातडीच्या प्रसंगी 8 तासांची.

ही सगळी घाई सरकार पक्षासाठी. संदेशांचा मजकूर इतरांना देण्यावर त्याच 1986 च्या कायद्याने घातलेल्या बंदीला आरोपीसाठी अपवादच नाही, असं वॉशिंग्टन डीसीच्या अपील न्यायालयाने 2019 साली स्पष्ट सांगितलं. त्याआधी, 2018 मध्ये, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बचाव पक्षाला सर्वांसाठी खुल्या असलेल्या पोस्ट मिळू दिल्या, खासगी संदेश नाहीत. घरच्या आरोपीची ही गत, तर परक्या देशातल्याला कोण विचारतो? देशादेशांमधले साहाय्य करार उघडून पाहा. अमेरिकेने केलेल्या अशा करारांत सहसा एक वाक्य असतं, की या करारामुळे कोणाही खासगी व्यक्तीला पुरावा मिळवण्याचा हक्क येत नाही. आरोपी हा त्यांच्या लेखी ‘खासगी व्यक्ती’.

नोंदींच्या बाबतीत मात्र गंमत आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. हा कायदा कंपन्यांना ‘सरकारी यंत्रणा’ सोडून इतर कोणालाही नोंदी स्वेच्छेने देऊ देतो, आणि सरकारी यंत्रणा म्हणजे अमेरिकेतल्या, अशी त्याची व्याख्या आहे. म्हणजे परदेशी पोलिसांना आयपी पत्त्यांचे तक्ते ज्या फटीतून मिळतात, तीच फट आरोपीच्या वकिलालाही खुली आहे. माझा पोर्ट क्रमांक कुठल्या कायद्याने अडलेला नाही, तो कंपनीच्या धोरणाने अडला आहे. त्या धोरणाविरुद्ध दाद कुठे मागायची?

त्यात वेळ निघून जातो. पोलिसांनी करारातून किंवा देशोदेशींच्या तपास यंत्रणांच्या चोवीस तास चालणाऱ्या संपर्क जाळ्यातून विनंती केली, की अमेरिकेत ती माहिती 90 दिवस जपून ठेवायला लावता येते, पुढे आणखी 90 दिवस. पोलीस हवं तेवढंच जपायला सांगतात. त्यात चूक काही नाही, त्यांचं कामच ते. पण उरलेलं कंपनीच्या नित्याच्या सफाईत पुसलं जातं, आणि माझ्या हाती कागद येतात ते दोषारोपपत्रानंतर.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. आरोपीला अशी वाट दिली, तर तो तक्रारदार बाईचे खासगी संदेश उकरत बसेल, साक्षीदारांना धाक घालेल. असे आरोपी मी पाहिले आहेत, काहींची वकीलपत्रंही घेतली आहेत. म्हणूनच मी आरोपीच्या हाती चावी द्या म्हणत नाही. अर्ज न्यायालयात व्हावा, काय हवं आणि का हवं हे नेमकं लिहावं, विनंती न्यायाधीशाच्या सहीने जावी, आलेली माहिती आधी न्यायाधीशाने पाहावी आणि खटल्याशी संबंध असेल तेवढीच आम्हाला द्यावी. युरोपीय संघाच्या त्या नियमाने पहिल्याच कलमात संशयिताच्या वतीने, त्याच्या वकिलालाही, असा आदेश मागण्याची सोय ठेवली आहे. तो 18 ऑगस्ट 2026 पासून लागू करायचं ठरलं. सोय देशोदेशींच्या कायद्यावर अवलंबून आहे, म्हणजे ती कागदावरच राहू शकते. तरी लिहिली तर आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 24 डिसेंबर 2024 रोजी सायबर गुन्ह्यांविरुद्धचा करार स्वीकारला. 40 देशांच्या मान्यतेनंतर 90 दिवसांनी तो अमलात यायचा आहे. मान्यता देणाऱ्या प्रत्येक देशाला आपले कायदे त्याच्याशी जुळवून घ्यावे लागतील. तेव्हाच ‘न्यायालय आरोपीच्या अर्जावरूनही विनंती पाठवू शकेल’ एवढं एक वाक्य त्या कायद्यांत घालून घ्यावं, असं लोकप्रतिनिधींना सांगणारे अग्रलेख आपल्याकडून यावेत. तोवर निदान एवढं व्हावं: आरोपीला पहिल्यांदा न्यायालयासमोर आणतात त्याच दिवशी, वकिलाने मागितलं तर, खात्याच्या सगळ्या नोंदी जपून ठेवण्याची विनंती पाठवण्याचा आदेश तपास अधिकाऱ्याला द्यावा. नोंदी कुणाला दाखवायच्या यावर नंतर सावकाश भांडता येईल.

आपली,
फौजदारी न्यायालयांत बचाव पक्षाचं काम करणारी एक वकील
(अशिलाचा खटला चालू असल्याने कृपया नाव छापू नये.)