दाखला, फॉर्म आणि पहिला हप्ता : अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलांसाठी फिरत्या निधीचे आवाहन

पारडी, भांडेवाडी, कळमना या परिसरातले रहिवासी, इथून शिकून पुण्या-बंगळुरूला गेलेली आमची मुलंमुली आणि नागपुरातली समस्त इंजिनिअर मंडळी यांना सप्रेम नमस्कार.

आमची अभ्यासिका आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. समाजभवनाची मागची खोली, लांब टेबलं, मे महिन्यात पंख्यापेक्षा जास्त आवाज करणारा कूलर. वस्तीतली मुलं इथे बसून बारावी सायन्स करतात. कुणाचे वडील कळमना मार्केटात हमाली करतात, कुणाचे ई-रिक्षा चालवतात, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करून संध्याकाळी मुलीला घ्यायला येते. यंदा आम्ही पुस्तकं मागत नाही. पुस्तकं इतकी जमली आहेत की कपाटाचं दार लागत नाही, आणि त्यातली बरीचशी जुन्या अभ्यासक्रमाची आहेत. कृपा करून आणखी पाठवू नका. यंदा हवे आहेत पैसे आणि काही माणसं.

आमची पोट्टी अभ्यासात कमी पडतात असं नाही. पडतात तीसुद्धा, पण त्याला रात्रीचे दोन तास वाढवता येतात. खरं अडतं ते तारखेला. दाखला निघाला नाही, फॉर्मचे पैसे वेळेत जमले नाहीत, कॉलेजात पहिल्या दिवशी भरायची रक्कम घरात नव्हती, आणि मिळालेली जागा हातची गेली. प्रवेशाच्या वेळापत्रकाला कुणाच्या घरचा पगार कधी होतो याच्याशी काही देणंघेणं नसतं.

ज्यांच्या घरात अजून कुणी इंजिनिअर झालेलं नाही, त्यांना हे प्रकरण किती पायऱ्यांचं आहे याचा अंदाज नसतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवंच, सोबत केमिस्ट्री किंवा नियमात बसणारा दुसरा विषय. या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. त्यावर एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा. सीईटीत चांगले पर्सेंटाइल (किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत तो आकडा) पडले आणि बोर्डात ही अट हुकली, तर त्या पर्सेंटाइलचा उपयोग नाही. काही क्लासवाले मुलांना बोर्डाचा अभ्यास सोडायला सांगतात. त्यांच्या होर्डिंगवर जे फोटो झळकतात त्यांत असे प्रवेश हुकलेले चेहरे कधी दिसत नाहीत. व्हीएनआयटीसारख्या एनआयटीत, म्हणजे केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थेत जायचं तर देशपातळीवरची जेईई मेन परीक्षा, आणि बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव. अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के. आपल्या शहरातली एनआयटी म्हणून सांगतो, तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी असतात. हे आमच्याकडच्या कित्येक पालकांना ठाऊकच नसतं. ती आपल्यासाठी नाहीच, असं धरून ते फॉर्मच भरत नाहीत.

सीईटीचं गणित वेगळंच आहे, अगदी शब्दशः. पीसीएम गटात १५० प्रश्न, २०० गुण. फिजिक्स-केमिस्ट्रीचा प्रश्न एका गुणाचा, मॅथ्सचा दोन गुणांचा. म्हणजे निम्मे गुण एकट्या मॅथ्सचे, आणि फिजिक्स-केमिस्ट्री मराठीतून देता येते, पण मॅथ्सचा पेपर फक्त इंग्रजीत. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला इंटिग्रेशन येतं, पण प्रश्नाची वाक्यरचना तिला उलगडत नाही. ती दोनदा वाचते, तिसऱ्यांदा वाचते आणि घड्याळ पुढे जातं. बरं, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नसतो. हेही कुणीतरी सांगावं लागतं. जेईईत मात्र चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात, तिथली चाल वेगळी.

परीक्षा कॉम्प्युटरवर असते. आमच्याकडची एक मुलगी पहिल्यांदा माऊस हातात घेऊन बसली तेव्हा बाण पडद्याच्या कोपऱ्यात अडकून राहिला, आणि ती माऊस उचलून हवेत सरकवू लागली. बाकीची हसली. तिने तासाभरात जमवलं. पण हा तास परीक्षेच्या दालनात गेला असता तर? मोबाइल सगळ्यांकडे आहे, माऊस कुणाच्याच घरी नाही.

आता कागदपत्रांकडे येतो. खरी दमछाक तिथे होते.

संध्याकाळी कुणी ना कुणी येऊन विचारतंच : "काका, नॉन-क्रिमीलेअर काढाच लागते का?" काढावंच लागतं. म्हणजे घर मागास प्रवर्गातल्या सधन गटात मोडत नाही, याचं प्रमाणपत्र. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्ग यांना ते लागतं, आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. त्यामुळे मोठ्या भावाच्या वेळचं चालत नाही. प्रवेशाच्या वेळी निदान अर्जाची पोच हवी आणि दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र, नाही तर मुलगा खुल्या प्रवर्गात मोजला जातो. जात प्रमाणपत्र वेगळं, आणि ते तपासून खरं ठरल्याचं जात वैधता प्रमाणपत्र वेगळं. वैधतेला जुना पुरावा लागतो : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यात कुणाची व्हॅलिडिटी झालेली असली तर रस्ता सोपा होतो, पण पहिल्याच पिढीत ती कुठून येणार?

म्हणून मग गावी जायचं. आमच्या वस्तीतली निम्मीअधिक घरं भंडारा-गोंदियाकडून आलेली. बाप पारडी नाक्यावरून पहाटेची एसटी पकडतो, आजोबा ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरी-तिसरी शिकले तिथे जातो आणि दाखल-खारीज रजिस्टरमधली नोंद मागतो. रजिस्टर कपाटात असतं, कपाटाची किल्ली गुरुजींकडे असते, गुरुजी निवडणुकीच्या ड्युटीवर असतात. दुसऱ्या खेपेला नोंद सापडते, तर आजोबांचं नाव एका काना-मात्रेने वेगळं. मग प्रतिज्ञापत्र, मग पुन्हा सेतू केंद्राची रांग. प्रत्येक खेपेला त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि सरकारी फी किरकोळ असली तरी हा खर्च कुठल्याच शिष्यवृत्तीत धरलेला नसतो.

आणखी एक अडचण खास आपल्या भागातली. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर बालाघाट, छिंदवाडा नाही तर राजनांदगाव. लेकरू आठवड्याचं असताना नागपुरात आलं, पहिलीपासून बारावीपर्यंत इथेच शिकलं, पण टीसीवर जन्मठिकाण मध्य प्रदेश नाही तर छत्तीसगड. अशा मुलाला महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून अर्ज करायला अधिवास प्रमाणपत्र हवं, आणि त्यासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने पंधरा वर्षांपूर्वीचं लाइट बिल कुठून आणायचं? शाळेचे दाखले, लसीकरणाचं कार्ड, रेशनकार्ड असं एकेक जुळवावं लागतं. हे बारावीच्या निकालानंतर सुचून उपयोग नाही. आम्ही अकरावीच्या दिवाळीतच मुलांची टीसी तपासायला घेतो.

एवढं झाल्यावर कॅप राउंड, म्हणजे सरकारी केंद्रीकृत प्रवेशाच्या फेऱ्या. ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजं कुठल्या क्रमाने लिहायची, याला आमच्याकडचे लोक किरकोळ समजतात. गेल्या हंगामात एका मुलाने शेजाऱ्याच्या मोबाइलवर फॉर्म भरला आणि घराजवळचं म्हणून एक कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं. तेच लागलं. पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप गोठते, पुढच्या फेरीत सुधारणा नाही. त्याच्या पर्सेंटाइलला याहून कितीतरी चांगलं मिळालं असतं.

फीबद्दल दोन गोष्टी पालकांनी मनात पक्क्या कराव्यात. वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी ट्यूशन फी माफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागा असतात. आणि २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेत ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींची ट्यूशन फी व परीक्षा फी शासन भरतं. दोन्हीला अट एकच : प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला यातलं काही लागू नाही. "डोनेशन देऊन आत्ताच पक्कं करून टाका" म्हणणारे एजंट जून-जुलैत वस्तीत फिरतात, त्यांना चहासुद्धा पाजू नका.

तरीही पैसे लागतातच. सीईटीच्या फॉर्मचे पैसे. कॅपमध्ये जागा स्वीकारायचे वेगळे. कॉलेजात पहिल्या दिवशी अनामत, डेव्हलपमेंट फी, ड्रॉइंगचं सामान. शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरची शिष्यवृत्ती खात्यात यायला महिने जातात, कॉलेजचा क्लार्क तेवढे महिने थांबत नाही. या मधल्या दरीसाठी निधी हवा. बिनव्याजी द्यायचा, शिष्यवृत्ती आली की मुलाने परत करायचा, पुढच्या वर्षी दुसऱ्याला. फॉर्म आणि दाखल्यांचा खर्च परत घेणार नाही. दीड लाख रुपये जमले तर येत्या हंगामाला आम्ही बेधडक सामोरे जाऊ. कमी जमले तर आधी फॉर्म आणि दाखले, मग पहिला हप्ता, हा क्रम ठरलेला आहे. या पैशातून डोनेशन किंवा क्लासची फी भरली जाणार नाही, कुणी कितीही ओळखीचा असो.

नागपुरात अभियांत्रिकी-तंत्रशिक्षण उभं राहिलं त्यात दानाचा वाटा केवढा, हे आपण विसरतो. अमरावती रोडवरचं एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, १९४२ साली सुरू झालं ते कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला ठेवलेल्या पैशातून. मँगनीजच्या धंद्यात कमावलेला पैसा होता. आमच्याजवळ खाणी नाहीत, पण शंभर रुपये महिना देणारी शंभर घरं या भागात नक्की आहेत.

पैशाइतकीच माणसं हवी आहेत. इंग्रजीतून गणिताचा प्रश्न वाचायला शिकवेल असं कुणीतरी. गणितात पारंगत नसलात तरी चालेल, शांतपणे वाक्य फोडून सांगता आलं पाहिजे. तहसील किंवा समाजकल्याण कार्यालयातून निवृत्त झालेली, कोणता कागद कुठे अडतो हे जाणणारी मंडळी आली तर आम्ही त्यांना डोक्यावर घेऊ. कॅपच्या दिवसांत ऑप्शन फॉर्म भरताना शेजारी बसणारे चालू विद्यार्थी हवेत. प्रजापती नगरहून मेट्रोत बसलं की थेट लोकमान्य नगर, त्यामुळे हिंगणा रोडच्या कॉलेजांत शिकणाऱ्या आमच्याच मुलांना संध्याकाळी इथे पोहोचणं अवघड नाही. आणि चालू स्थितीतले दोन जुने कॉम्प्युटर, माऊससह.

आमच्या समितीकडे ८०-जी नोंदणी नाही, त्यामुळे देणगीवर करसवलत मिळणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. पावती मात्र दहा रुपयांचीही मिळेल, आणि दर महिन्याचा जमाखर्च अभ्यासिकेच्या दारावर लावला जाईल. मदत घेणाऱ्या मुलांची नावं त्यात असणार नाहीत. धनादेश समितीच्या नावाने द्यावा, किंवा अभ्यासिकेतल्या टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन करावा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही कोडवर पैसे टाकू नयेत.

प्रवेशाचे नियम वर्षागणिक थोडेफार बदलतात, तेव्हा पालकांनी शेवटचा आधार ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेचाच घ्यावा. ती छापून टेबलावर ठेवलेली असते. अभ्यासिका रोज संध्याकाळी ६ ते ९ उघडी असते. कागदपत्रं दाखवायला रविवारी सकाळी यावं, मूळ प्रती घरी ठेवून झेरॉक्स आणाव्यात, आणि शक्यतो वडिलांसोबत आईनेही यावं, कारण कुठला कागद कुठल्या पेटीत आहे हे बहुधा तिलाच माहीत असतं.

आपले,
अभ्यासिका समिती, पारडी परिसर, नागपूर